०.००९ इंच आणि चरबी

१८५७ चा उठाव आपण सगळ्यांनी दोन मार्कांसाठी पाठ केलेला आहे. तात्कालिक कारण : नव्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली. झालं, दोन मार्क खिशात. पण बंदुकीच्या गोळीला मुळात चरबी लावायचीच कशाला? हे पुस्तकात नव्हतं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेला (आपल्यासारखे ढिगाने आहेत :-)) माणूस असल्यामुळे मला हा प्रश्न इतिहासापेक्षा वंगणाचा वाटतो.

दिवाळीनंतर दोन दिवस गावी होतो. गाव म्हणजे मिरजगाव, तालुका कर्जत, नगर-सोलापूर रस्त्यावरचं. (नाही हो, मिरज वेगळं!) आजोबांना आम्ही अण्णा म्हणतो. फौजेतून रिटायर झालेले, वय ऐंशीच्या आसपास. त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही गोळीला कधी चरबी लावली का हो?"

"न्हाय. आमच्या टायमाला पितळी काडतूस. नळीला मात्र रोज पुलथ्रू, चिंदी आन् तेल." मग थोडं थांबून म्हणाले, "ठासणीच्या बंदुकीचं इचारत आसशील तर गोळी दाटून बसाया पायजे, पर आडाकली न्हाय पायजे. बास."

मंडळी, सगळं इंजिनिअरिंग या एका वाक्यात आहे. फक्त "दाटून" आणि "अडकणं" यांच्यामध्ये किती जागा असते ते बघा.

आधीची इंग्रजी बंदूक 'ब्राउन बेस'. नळी आतून गुळगुळीत, व्यास पाऊण इंच, आणि गोळी साधारण ०.६९ इंच. म्हणजे चांगली दीड मिलिमीटर सैल. सैल असल्यामुळे पटकन भरता यायची, पण नळीत डुगडुगत जायची, मग नेम कसला. आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला १७९५ मध्ये मराठे आणि निजाम लढले, तेव्हा दोन्हीकडच्या पायदळाच्या हातात मुख्यतः अशाच गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या.

१८५३ ची एनफिल्ड रायफल वेगळी. नळीत पिळदार खाचा, गोळीने त्या पकडायच्या आणि गरगरत बाहेर पडायचं. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. फरक ०.००९ इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. दोन्ही बाजूंना वाटला तर प्रत्येकी एका प्रिंटरच्या कागदाएवढी फट! आणि तिथे खरोखरच कागद होता. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, आत दारू आणि गोळी. टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी तिच्या कागदासकट तोंडाशी बसवून गजाने खाली सारायची. चरबी लावलेली असायची ती गोळीवरच्या कागदाला, बाहेरून.

आता काळी दारू. ती जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घन अवशेष उरतो. दहा-वीस बार काढले की नळीत खरखरीत थर बसतो आणि तो कागदाएवढा फरक संपतो. चरबीचं काम हा थर मऊ ठेवायचं. म्हणजे वंगण ही काही चैन नव्हती. ते नसेल तर ऐन लढाईत गोळी अर्ध्यात अडकणार.

अमेरिकेत आजही घरी शिसं वितळवून गोळ्या ओतणारे हौशी लोक आहेत आणि त्यांचं निम्मं आयुष्य याच दोन गोष्टींत जातं : माप आणि वंगण. गोळी किंचित मोठी ओततात, मग पोलादाच्या ठरावीक भोकातून दाबून नेमक्या मापाची करतात, मग मेणाचं वंगण भरतात. गोळी लहान राहिली तर गरम वायू बाजूने निसटतो आणि शिसं नळीला फासलं जातं. वंगण कमी पडलं तरी तेच. दिसणारा बिघाड एक, कारणं दोन. डीबगिंग करणाऱ्यांना हे नवीन नाही. (आपल्याकडे विनापरवाना असं काही करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे आपण वाचूनच समाधान मानायचं.)

इंग्रजांनाही भारतात हाच बिघाड दिसला. उन्हात चरबी वितळून कागदात जिरायची, गोळी कोरडी पडायची आणि गजाने ठोकूनही खाली जाईना. त्यांनी तो रीतसर सोडवला. वंगणात मेण वाढवलं, १८५९ मध्ये गोळी ०.५५ इंचाची केली. प्रश्न मिटला, तिकीट क्लोज.

पण दुसरं एक तिकीट त्याच्याही आधी उघडलेलं होतं, आणि मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

१८५३ साली चरबी लावलेली काडतुसं इंग्लंडहून चाचणीसाठी भारतात आली. शिपायांच्या पिशव्यांत ती फिरवली. कशासाठी? इथल्या उन्हात चरबी टिकते का ते बघायला. त्याच वर्षी बंगाल सैन्याचा ॲडज्युटंट जनरल टकर याने वर लिहून कळवलं होतं, की चरबी धर्माच्या दृष्टीने आक्षेपार्ह नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. कळवलं, आणि तिथेच राहिलं. टेस्ट केसमध्ये तापमान होतं, माणूस नव्हता.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. सरकारने त्याच महिन्यात तोडगा काढला : चरबी न लावलेली काडतुसं घ्या, तुम्हाला चालेल ते वंगण स्वतः लावा. पुढे दातांऐवजी हाताने फाडायची पद्धतही आली. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही उपाय चोख. पण तोवर शिपाई म्हणू लागले, की हा कागदच चकाकतो, यातच काहीतरी आहे. आणि "चरबी नेमकी कशाची होती?" याचं सरळ उत्तर कुणाकडे नव्हतं, कारण आक्षेपार्ह चरबी टाळायची खास काळजी घेतलीच नव्हती.

२४ एप्रिलला मेरठच्या परेडवर ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसं नाकारली. खरी मेख इथे आहे. ती काडतुसं नवी नव्हतीच. वर्षानुवर्षं वापरलेली, जुनीच होती. म्हणजे ज्या वस्तूत काहीच बिघाड नव्हता तीसुद्धा आता चालत नव्हती. ९ मे रोजी त्या ८५ जणांना सगळ्यांसमोर बेड्या ठोकल्या, आणि १० मेला काय झालं ते आपण पाठ केलेलंच आहे.

सगळं चरबीनेच घडलं असं अजिबात नाही. आमच्या नगर जिल्ह्याच्या पोलिसांत काम केलेले भागोजी नाईक यांनी त्याच वर्षी भिल्लांना घेऊन बंड केलं. ऑक्टोबरात नांदूर-शिंगोट्याला झालेल्या चकमकीत इंग्रज पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षं, मारले जाईपर्यंत भागोजी लढत राहिले. त्यांचा एनफिल्डच्या काडतुसाशी काय संबंध? राग आधीच साठलेला होता. चरबीचा प्रश्न हा त्या रागाला सापडलेला, उत्तर मागता येईल असा एक प्रश्न होता.

हे सगळं डोक्यात फिरायला कारण अण्णाच. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाईलवर चेहरा दाखवला की काम होतं, बँकेत जायला नको. मी फोन समोर धरला. अण्णांनी मान वळवली. मी सर्व्हर, एन्क्रिप्शन, ओटीपी सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "ते चालतं रं, मला ठावं हाये. माझा फोटो कुणाकडं ऱ्हातो, तेवढं सांग."

मी सांगू शकलो नाही. मी ते ॲप बनवलेलं नाही. पण जी बनवतो त्यांच्याबद्दल तरी प्रत्येक वेळी सांगू शकेन का? आपण सगळे गोळी अडकू नये म्हणून मरमर करतो. लोड टेस्ट करतो, सेकंदाचे भाग मोजतो. समोरचा विचारत असतो ते वेगळंच, आणि आपण त्याला माप सांगत बसतो. त्यात त्याला "अडाणी" म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. १८५७ मध्येही तेच म्हटलं गेलं होतं.

अण्णांना मी बँकेत घेऊन गेलो. रांगेत पाऊण तास गेला. कारकुनासमोर सही करून ते खुश.

कागदी काडतूस पुढे फार टिकलं नाही. १८६६ मध्ये मागून भरायची स्नायडर रायफल आली, धातूचं काडतूस आलं, १८६९ मध्ये आपल्या खडकीला दारूगोळ्याचा कारखानाही सुरू झाला. तो अजून चालू आहे. ऑफिसला जाताना मी रोज त्या बाजूने जातो.

असो. सोमवारी आमचं रिलीज आहे. टेस्ट केसेसच्या यादीत मी एक ओळ वाढवली आहे : "युजरने 'माझी माहिती कुणाकडे राहते?' असं विचारलं तर सपोर्टचा माणूस काय सांगेल?" समोरचा रकाना अजून रिकामा आहे.