गेलेला रंग

आमच्या दिवाणखान्यातील गालिचा हा आमचा नव्हे. तो सौभाग्यवतींच्या वडिलांचा. येरवड्याच्या तुरुंगात विणल्या जाणाऱ्या गालिच्यांचा एके काळी मोठा लौकिक होता. विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांचे नमुने पुढे ठेवून तेथील कैदी काम करीत. आपला गालिचा त्याच कुळातला, असे आमचे श्वशुर सांगत. पुरावा त्यांनी कधी दाखविला नाही, आणि जावई असल्यामुळे आम्ही तो मागितला नाही. ते गेल्यापासून मात्र सौभाग्यवती त्या गालिच्यावरून चालताना पाऊल जपून टाकतात.

गेल्या पावसाळ्यात त्या मिरजेला गेल्या असता आमच्या हातून त्यावर चहाचा भरलेला पेला कलंडला. कोरड्या फडक्याने टिपून, थंड पाण्याचा हात फिरवून आम्ही स्वस्थ बसलो असतो, तर प्रकरण तेथेच मिटते. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाचा रसायनांवर जो निःशंक विश्वास असतो, तो रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचाही नसेल! आम्ही धुण्याच्या सोड्याचे पाणी चोळले. डाग फिका होण्याऐवजी गडद तपकिरी झाला. चहातील टॅनिन क्षाराने अधिकच काळवंडते, हे ज्ञान आम्हांस मागाहून झाले. मग मोरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली आणि नेट लावून घासली. डाग पाहता पाहता नाहीसा झाला. त्या रात्री आम्हांस शांत झोप लागली.

सकाळी पाहतो तो तळहाताएवढी जागा पिवळी पडलेली! कापूस हा वनस्पतीचा तंतू. लोकर ही आपल्या केसांप्रमाणे केराटिन नावाच्या प्रथिनाची. ज्या पाण्याने सुती धोतर शुभ्र होते, त्याच पाण्याने लोकर आधी पिवळी पडते, मग ठिसूळ होते, आणि पाणी तीव्र असेल तर चक्क विरघळते. नुसत्या क्षाराने आलेला पिवळेपणा सौम्य व्हिनेगरच्या पाण्याने पुष्कळदा उणावतो. पण ब्लीचिंगवर व्हिनेगर ओतणे म्हणजे घरात क्लोरीनचा विषारी वायू सोडणे. ते आमच्या हातून घडले नाही, यात आमची हुशारी काही नाही. घरात व्हिनेगर नव्हता. शिवाय डाग ही बाहेरून आलेली वस्तू, ती परत धाडता येते. येथे तर मूळचा लाल रंगच निघून गेला होता.

आम्ही टीपॉय दीड हात सरकवला.

सौभाग्यवती परतल्या आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाल्या, "अहो, हा टीपॉय कुणी हलवला?" पाठोपाठ त्यांनी कामाच्या बाईंना हाक मारली. "फरशी पुसताना इथं काही सांडलंत का?" बाई म्हणाल्या, "न्हाई वहिनी." आम्ही वर्तमानपत्रात डोके खुपसले. एक शब्द उच्चारला असता तर पुरे होते. पण तो त्या क्षणी निघाला नाही, आणि पुढे प्रत्येक तासाला अधिक जड होत गेला. चार दिवस घरात दोघींचे बोलणे कामापुरतेच चालले होते.

पाचव्या दिवशी म्हातारे रफूगर आले. त्यांनी उकिडवे बसून लोकरीचा एक झुपका चिमटीत चोळला. तो तुटून हातात आला. "साहेब, हे ब्लीचिंगचं काम. कुणीतरी जोर लावून घासलंय." वरून रंग लावता येईल का, असे आम्ही विचारले. ते हसले. लोकरीला असला रंग धरावा लागतो तो आम्ल घातलेल्या, उकळीला आलेल्या पाण्यात; जमिनीवर पसरलेल्या गालिच्याला कुंचल्याने दिलेला रंग म्हणजे नुसती पावडर. खराब गाठी काढून, जुन्या गालिच्याची जुळती लोकर घेऊन नव्या बांधाव्या लागतील, असे त्यांनी सांगितले. सौभाग्यवती आमच्याकडे पाहत होत्या.

आम्ही उठून स्वयंपाकघरात गेलो व बाईंना सर्व सांगितले. त्या भांडे विसळीत राहिल्या.

"मला ठावं व्हतं, साहेब. मोरीतला ब्लीचिंगचा डबा अर्धा झाला व्हता."

"मग वहिनींना सांगितलं का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हनलं."

दोन दिवसांत गाठी बांधून झाल्या. नवा लाल रंग जुन्याहून किंचित उजळ दिसतो. टीपॉय सौभाग्यवतींनी मूळ जागी नेऊन ठेवला आहे.