तीन ओळींचा शेजार

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात एक आज्ञा आहे, तिचं नाव ब्लेम. फाइलवर ती चालवली की प्रत्येक ओळीच्या डावीकडे ती ओळ शेवटची कोणी बदलली आणि कधी, ते उमटतं. नाव ठेवणाऱ्याने आडपडदा ठेवलेला नाही. ‘हे कोणी केलं?’ असं माणूस सहसा काहीतरी बिघडल्यावरच विचारतो.

गेल्या श्रावणात एका दुपारी मी हेच विचारायला गेले. बिघडलं काही नव्हतं, साफसफाई चालली होती. पतसंस्थांसाठी पासबुक छापणारी आमची एक जुनी फाइल आहे, सी भाषेतली, दोन हजारांवर ओळींची. तिच्यात एका जागी नुसताच ३ हा आकडा बसलेला. त्याला ना नाव, ना शेजारी एखादी टीप. असे आकडे दिसले की हल्लीची मुलं नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कोणाचा हा उद्योग, म्हणून ब्लेम चालवलं, तर त्या ओळीपुढे माझं नाव. वरच्या ओळीपुढे माझं, खालच्याही. ज्या फाइलीत मी उभ्या आयुष्यात पन्नास ओळी लिहिल्या नसतील, ती भावकीत न सांगता सातबारा फिरावा तशी माझ्या नावावर चढली होती. सातबाऱ्यावर निदान जुन्या नावाला कंस करतात, फेरफाराचा क्रमांक घालतात. इथे जुनं नाव दिसतच नव्हतं.

ही करणी माझीच होती. त्याच्या दोन महिने आधी सगळ्या कोडला एक वळण असावं असं ठरलं, आणि मी एका संध्याकाळी फॉरमॅटर चालवून घरी गेले. जिथे जिथे टॅब होता तिथे चार स्पेस आले. कोडचा अर्थ तसूभर बदलला नाही, पण ओळीच्या आरंभीची मोकळी जागा बदलली की गिटच्या लेखी ओळ बदलली. समासाला चिकटलेल्या थोड्या ओळी तेवढ्या मूळ मालकाच्या नावावर राहिल्या होत्या. तिथे अजून काका दिसत होते.

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने सहकारी. कंपनीत एकमेकांना एकेरी नावाने हाक मारायची पद्धत होती, पण त्यांच्यापुढे ती कोणाच्या जिभेवर चढली नाही. मी २००१ साली लागले तेव्हा त्यांच्या मेजावर काचेखाली लिनक्स कर्नलच्या कोड-वळणाचा कागद छापून ठेवलेला असे. लिनस टॉरवल्ड्सने लिहिलेला तो मजकूर बोलका आहे, मधूनमधून खवचटही. टॅब म्हणजे आठ अक्षरांची जागा, त्यात तडजोड नाही. एवढ्या रुंद टॅबने तीन पायऱ्यांहून आत शिरलात तर ओळ उजवीकडे आपटते, आणि आपटली की समजायचं, तुमचं लिहिणंच चुकलंय. मी चार स्पेसवाली. पायथॉनवाल्यांच्या पेप ८ मध्ये तसं आहे, तिथे ओळही ७९ अक्षरांत संपवायला सांगितलं आहे. आमचं यावरून खरोखरचं भांडण होई, चहा गार होईपर्यंत. ८० रकान्यांची ही मर्यादा आली कुठून, हे त्यांनीच मला सांगितलं: आयबीएमच्या १९२८ सालच्या भोकांच्या कार्डावर ८० रकाने होते. कार्डं गेली, ती वाचणारी यंत्रं गेली, रकाने राहिले. २०२० साली कर्नलच्या तपासनीस साधनाने १०० अक्षरांपर्यंत सूट दिली, तेव्हा काकांनी मला निरोप पाठवला होता. त्यात नुसतं ‘कलियुग’ एवढंच होतं.

मला वळणाचं महत्त्व तेव्हा पटलं नाही. पुढे पटलं ते सौंदर्याच्या बाजूने नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायची वेळ आली आणि साखरेचा डबा जिथे हात गेला तिथेच सापडला की जे वाटतं, तेवढंच ते आहे.

पॅच लावायला काकांनी मला शिकवलं. तेव्हा शाखांमधल्या संगणकांना इंटरनेट नसे. आम्ही सीडी घेऊन एसटीने जायचो. शाखेतलं कोड आणि आमच्याकडचं कोड एकच असायला हवं, पण तसं कधी नसे. कोणीतरी मॅनेजरच्या आग्रहाखातर तिथल्या तिथे हात घातलेला असे. म्हणून पुरी फाइल बदलून चालत नसे, नेमकी दुरुस्ती तेवढी लावायची. लॅरी वॉलने १९८५ साली पॅच हे साधन लिहिलं ते याच अडचणीसाठी. पुढे पर्ल भाषेमुळे त्याचं नाव झालं, पण शिक्षण त्याचं भाषाशास्त्राचं, आणि ते मला या छोट्या साधनात जास्त दिसतं. दोन फाइलींतला फरक सांगणारं डिफ बेल लॅब्जमध्ये पॅचच्या दहा-अकरा वर्षं आधीच तयार झालं होतं. वॉलचा प्रश्न उलटा होता. फरकाचा कागद हातात आहे, पण ज्या फाइलवर तो लावायचा ती मधल्या काळात थोडी हलली आहे. मग जागा शोधायची कशी?

ओळीच्या क्रमांकावर भरवसा नाही. वर कोणी चार ओळी घातल्या की खालचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून बदललेल्या ओळींसोबत त्यांच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन न बदललेल्या ओळीही पाठवायच्या, आणि पॅच त्या शेजारावरून जागा हुडकतो. पेठांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घराचा नंबर पाकिटावर असतो, पण पाहुणा पोचतो तो ‘पासोड्या विठोबावरून पुढे, उजव्या हाताला’ एवढ्यावर. शेजारच्याही ओळी बदलल्या असतील तर पॅच कडेची एक ओळ सोडून बघतो, मग आणखी एक. या सवलतीला फझ म्हणतात, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय ती दोन ओळींपलीकडे जात नाही. तरी जमलं नाही तर तो तुकडा ‘रेज’ शेपटीच्या वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याकडे वळतो. रेज फाइल उघडून, चष्मा कपाळावर चढवून काका म्हणायचे, “शेजार बदलला गं.” मग दोघं बसून हाताने दुरुस्ती करायचो, शाखेचं शटर अर्धं खाली येईपर्यंत.

पॅच म्हणजे ठिगळ, हे मला शब्दकोशातून माहीत होतं. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राच्या फितीचं छायाचित्र पाहिलं तेव्हा ते डोळ्यांना कळलं. भोकं पाडलेली कागदाची रुंद पट्टी, आणि चुकीच्या भोकांवर चिकटवलेले कागदाचे चौकोनी तुकडे. ठिगळाच्या कडा स्वच्छ दिसतात. कोणी त्या लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

काका वारकरी घरातले. दुपारच्या डब्यानंतर ते कधीकधी एकनाथांवर बोलत, आणि ते बोलणं भक्तीचं कमी आणि रिव्ह्यूचं जास्त असे. नाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेदांनी घोळ झालेला दिसला, म्हणून त्यांनी प्रत शुद्ध केली. शेवटच्या ओव्यांत शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपदातली कपिलाषष्ठी, गोदाकाठचं पैठण, सगळं नोंदवलं. शिवाय यापुढे यात स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो, अशी तंबी. “तारीख आहे, जागा आहे, कोणी केलं ते आहे, का केलं तेही आहे,” काका बोटांवर मोजत म्हणायचे, “फक्त डिफ नाही. काय काढलं ते नाथ महाराजांनी लिहून ठेवायला हवं होतं.” नाथांच्या कामात खोट काढणारा वारकरी मी तेवढा एकच पाहिला.

हे ऐकल्यावरच मी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत पहिल्यांदा पाऊल टाकलं, इतकी वर्षं त्याच भागातून जात असूनही. तिथल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक खंड उघडला आणि हसूच आलं. वर दोन-चार ओळींचे श्लोक, आणि खाली पानाचा मोठा भाग बारीक टाइपातल्या पाठभेदांनी भरलेला. कोणत्या प्रतीत कोणता शब्द आहे, कोणत्या प्रतीत ही ओळच नाही, कोणत्या प्रतीत जास्तीची आहे. १२५९ हस्तलिखितं त्यांनी पाहिली. वि. स. सुकथनकर १९२५ ते १९४३ मुख्य संपादक होते, काम १९६६ साली पुरं झालं. सुकथनकर गेल्यानंतर तेवीस वर्षांनी. मूळ संहितेत न घेतलेला मजकूर तिथे फेकलेला नाही, खाली ठेवला आहे. काकांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, “म्हणजे रेज फाइलसकट छापलंय.”

गिट आमच्याकडे २०१२ मध्ये आलं. टॉरवल्ड्सने ते २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. कर्नलसाठी वापरात असलेल्या साधनाचा फुकट परवाना गेला होता आणि दुसरं काही त्याला पसंत पडेना. आम्ही जुना सगळा इतिहास त्यात ओतून घेतला, काकांच्या तारखांसह. त्याआधी काही वर्षं आमच्याकडे फाइलला कुलूप लावणारं साधन होतं. एकजण फाइल कुलपात ठेवून भावाच्या लग्नाला कोल्हापूरला गेला होता, ती कथा इथे नको. गिटमधली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ते फरक साठवत नाही. दर कमिटला, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीला, सगळ्या फाइली जशा होत्या तशा ठेवतं, आणि फरक आपण विचारला की त्या क्षणी काढून दाखवतं.

म्हणजे माझ्या फॉरमॅटरखाली काका पुसले गेलेले नव्हतेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गिटच्या २.२३ आवृत्तीपासून ब्लेमला सांगता येतं की अमुक कमिट जमेस धरू नकोस. मी एक साधी फाइल केली, तिच्यात माझ्या त्या संध्याकाळच्या कमिटचा चाळीस अक्षरांचा हॅश लिहिला, आणि ब्लेम पुन्हा चालवलं. डावीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत काकांच्या नावाने भरला. ३ च्या ओळीपुढे तारीख होती २००४ च्या मे महिन्यातली.

त्या कमिटचा मेसेज उघडला. इतरांचे मेसेज ‘मायनर चेंजेस’ नाहीतर ‘फिक्स्ड’. काकांचा बारा ओळींचा. एका शाखेत नव्या छपाईची पासबुकं आली आहेत, त्यांची शिवण जुन्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे मधली नोंद शिवणीवर पडून शिल्लक रक्कम वाचता येत नाही. स्वतः जाऊन पट्टीने मोजलं. शिवणीपाशी ३ ओळी सोडाव्यात. २ पुरत नाहीत, ४ सोडल्या तर शेवटची नोंद पानाबाहेर जाते.

काका आता वाईला असतात. फोन उचलल्यावर त्यांनी आधी पाऊस विचारला, मग फाइल कोणती ते.

“काका, त्या आकड्याला मी नाव देतेय. शिवणीच्या सोडायच्या ओळी, असं काहीतरी.”

“दे की. मला तेव्हा सुचलं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “पण अगं, वीस वर्षं झाली. पासबुकं तीच आहेत का अजून? मोजलंस?”

मोजलं नव्हतं. संध्याकाळी आईच्या कपाटातून तिचं पतसंस्थेचं पासबुक काढलं. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली, पासबुक मधोमध उघडून दिव्याखाली धरलं, आणि शिवणीच्या दोऱ्यावर शून्य टेकवला.