मिनारा मशिदीजवळ ऊदाची ओळख

मुंबईत मिनारा मशिदीच्या आसपास गेलो की खाण्याच्या घमघमाटातूनही अत्तराची दुकाने ओळखू येतात. ऊद पहिल्यांदाच घ्यायचा म्हणून अस्रनंतर आम्ही घरचे चौघे तिथे पोचलो. दुकानदाराने काचेच्या कांडीने मनगटावर इवलासा थेंब लावला आणि बजावले, "चोळू नका. मग्रिबनंतर परत या, मग ठरवा."

आसामी ऊद आधी गोठ्यासारखा उग्र लागला. मुलीने नाकच मुरडले. नमाज अदा करून आलो, तोवर तोच वास गोडसर, लाकडी झाला होता.

निरोगी अगराचे लाकूड फिके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. किडीने पोखरले, बुरशी लागली, की झाड स्वतःला वाचवण्यासाठी काळसर राळ तयार करते. आसामात होजाईकडे असे लाकूड बारीक करून बरेच दिवस पाण्यात भिजवतात, मग तेल काढतात. उग्रपणा भिजवण्यातून येतो. घट्ट बंद कुपीत वर्षे गेली की तो निवतो. तोडीमुळे हे झाड धोक्यात आले, म्हणून १९९५पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. खरा ऊद स्वस्त नसतो तो यामुळेच.

स्वस्त बाटलीतला 'ऊद' बहुधा रसायनांचा असतो. तसे सांगून विकला तर हरकत नाही. लपवून विकणे ही फसवणूक. नवख्याने सरळ विचारावे: शुद्ध की मिश्रण? कुठला? किती जुना?

आम्ही पाव तोळा, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम घेतला. उन्हापासून दूर, कपाटात ठेवला आहे. एक थेंब दिवसभर पुरतो. चौघांचे कित्येक जुमे त्यात निघतील.