गढूळ पाण्यासाठी कॅमेरा

डोंबिवली, रविवार, २० ऑगस्ट २०२३

बाहेर संततधार. मालवणच्या बोटी पावसाळ्यापुरत्या ओढून ठेवलेल्या, त्यामुळे तयारीला भरपूर वेळ आहे. गेल्या मोसमात तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत ओपन वॉटर कोर्स झाला. जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत उतरता येतं. यंदा कॅमेरा घेऊन उतरायचं.

कोणता घ्यायचा, हे ठरवण्याआधी पाणी कोणतं ते वहीत लिहून काढलं. बहुतेक सल्ले अंदमान, मालदीव किंवा तांबड्या समुद्रावर बेतलेले असतात. तिथे वीस-तीस मीटर अंतरावरचं स्वच्छ दिसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती चार-पाच मीटर दिसलं तरी दिवस बरा म्हणायचा. खाड्यांतून येणारा गाळ आणि प्लवक यांमुळे आपलं पाणी हिरवट, धुरकट असतं. कोकणासमोर नितळ पाणी आहेच. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, पाण्याखालचं पठार आंग्रिया बँक. पण त्या पठाराचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल. त्यासाठी मोठी बोट हवी आणि पुढचं प्रशिक्षणही. माझा समुद्र निदान काही वर्षं मालवणचाच राहणार.

रविवार, २७ ऑगस्ट

आज पाण्यातल्या प्रकाशाचा अभ्यास. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. त्यामुळे सपाट काचेतून वस्तू पाऊण अंतरावर आणि एक तृतीयांशाने मोठी भासते. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या (हाउसिंगच्या) साध्या सपाट पोर्टमागे, म्हणजे पुढच्या काचेमागे, लेन्सचा कोन आक्रसतो तो यामुळेच. रुंद दृश्य हवं असेल तर घुमटाकार पोर्ट लागतो.

दुसरी अडचण रंगांची. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. पाच मीटरवरच लाल मासा मळकट तपकिरी दिसायला लागतो. आणि प्रकाशाला हे अंतर दोनदा कापावं लागतं, पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत. म्हणजे रंग हवे असतील तर आपला दिवा हवा आणि जवळ जायला हवं.

तिसरी अडचण खास आपली, तरंगत्या कणांची. लेन्सला चिकटून असलेला फ्लॅश समोरचे सगळे कण उजळवतो. माळशेजच्या धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की रस्त्याऐवजी धुकंच पांढरं होतं, तसं. उपाय एकच: दिवा लेन्सपासून दूर, हातभर दांड्यावर, थोडा बाहेरच्या बाजूला वळवलेला.

प्रकाशाचा हा प्रश्न पहिल्यापासूनचा आहे. १९२६ साली फ्लोरिडाच्या ड्राय टोर्टुगासमध्ये लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचं पहिलं रंगीत छायाचित्र घेतलं, तेव्हा वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती.

शनिवार, २ सप्टेंबर

सकाळची फास्ट लोकल पकडून सीएसएमटी, तिथून चालत बोराबाजार. कॅमेऱ्यांच्या दुकानांत हवं ते हाताळू देतात. घरी येऊन तिन्ही वाटा वहीत मांडल्या.

पहिली, अ‍ॅक्शन कॅमेरा. गोप्रो नुसता १० मीटरपर्यंत चालतो, वेगळ्या हाउसिंगमध्ये ६० पर्यंत. चित्रीकरणाला उत्तम, हातात सुटसुटीत. पण त्याचा फोकस ठरलेला. बोटभर जीवाच्या जवळ गेलं की चित्र धूसर.

दुसरी, मिररलेस. चित्राचा दर्जा निर्विवाद. पण त्याचं हाउसिंग त्या एकाच मॉडेलला बसतं आणि बहुधा कॅमेऱ्याहून महाग असतं. मॅक्रोला एक पोर्ट, वाइडला घुमटाचा दुसरा, शिवाय दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे वेगळे फ्लॅश. उद्या बॉडी बदलली तर हाउसिंगही बदला. कोर्स नुकताच संपलेल्या माणसाला पाण्यात एवढं धूड सांभाळता येत नाही, हे आमचे सर पहिल्याच तासाला बजावतात.

तिसरी, मजबूत बांधणीचा कॉम्पॅक्ट. ऑलिंपस टीजी-६ नुसता १५ मीटर सोसतो, पीटी-०५९ हाउसिंगमध्ये ४५. लेन्स एफ २.० आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये एक सेंटिमीटरवरही फोकस. रॉ फाइल मिळते. उणी बाजूही लिहून ठेवते: सेन्सर लहान, फक्त १२ मेगापिक्सेल, पूर्ण मॅन्युअल मोड नाही, वाइड दृश्यासाठी वेगळी लेन्स जोडावी लागते.

गुरुवार, १४ सप्टेंबर

काल टीजी-७ जाहीर झाला. गोप्रो हिरो १२ सुद्धा याच महिन्यात आलाय. रात्री बसून तुलना केली. टीजी-७ चा सेन्सर १२ मेगापिक्सेलचाच, तीच एफ २.० लेन्स, तोच १५ मीटरचा पल्ला. चार्जिंगला यूएसबी-सी आलंय, उभं व्हिडिओ चित्रीकरण आलंय. हाउसिंग मात्र तेच पीटी-०५९. नव्यामुळे जुन्या टीजी-६ ची किंमत खाली येणार आणि हाउसिंग उद्याही उपयोगी पडणार. माझ्यासाठी आजची महत्त्वाची बातमी हीच.

रविवार, २४ सप्टेंबर

वापरलेला टीजी-६ आणि त्याचं हाउसिंग एका अनुभवी डायव्हरकडून घेतलं. हाउसिंगची रबरी ओ-रिंग जुनी होती, ती बदलायला नवी घेतली. वाचलेल्या पैशांतून एक स्ट्रोब, एक ट्रे आणि स्ट्रोब दूर धरायला एक आर्म. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा इशारा फायबर ऑप्टिक केबलने स्ट्रोबपर्यंत जातो, त्यामुळे हाउसिंगला तारेसाठी भोक नाही; पाणी शिरायची एक जागा कमी.

बाबांनी विचारलं, "कॅमेऱ्यापेक्षा दिव्यावर जास्त खर्च?" त्यांना हिरव्या पाण्यातले दोन फोटो दाखवले, एक दिव्याशिवाय, एक दिव्याने घेतलेला. ते म्हणाले, "मग बरोबर आहे तुझं."

रविवार, ८ ऑक्टोबर

तरणतलावाच्या प्रशिक्षकांची परवानगी घेऊन आज चाचणी. आधी नुसतं हाउसिंग, आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर. तळाशी धरून सगळी बटणं दाबली, कागद कोरडा. मग कॅमेरा. ओ-रिंग काढून केस किंवा वाळूचा कण आहे का ते उजेडात बघायचं, सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल इतकंच लावायचं, झाकण बंद केल्यावर कडेने पुन्हा नजर फिरवायची. हा क्रम कागदावर लिहून हाउसिंगच्या पेटीत ठेवला.

मालवण, रविवार, १९ नोव्हेंबर

शुक्रवारी मध्यरात्री ठाण्याहून तुतारी एक्स्प्रेस, काल कुडाळला उतरून मालवण. ४ डिसेंबरचा नौदल दिन यंदा सिंधुदुर्गावर असल्याने गावात लगबग आहे. सकाळी बोटवाले काका म्हणाले, "आज पाणी गढूळ आसा, लांबचा काय दिसूचा नाय." त्यांना दुपारच्या विश्वचषक अंतिम सामन्याची घाईही होती.

लांबचं नकोच होतं. खाली पाच-सहा मीटरवर खडकाच्या भेगेत एक कुर्ली बसली होती. आधी स्थिर तरंगले, श्वास संथ केला, मग हातभर अंतरावरून स्ट्रोबने घेतलं. पायांवरची नारिंगी छटा पडद्यावर उमटली. डोळ्यांना ती दिसतही नव्हती. पुढे प्रवाळाच्या पृष्ठभागावरचे एकेक पॉलिप.

हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि हे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शेजारच्या गटातला एकजण फोटोसाठी प्रवाळाला धरून थांबला होता. आमच्या सरांनी त्याचा हात हळूच सोडवला. कॅमेरा हातात आला की शरीराचा तोल विसरला जातो आणि भुर्दंड प्रवाळाला पडतो. म्हणून तरंगण्याचा सराव हा मला कॅमेरा सिस्टिमचाच भाग वाटतो, हाउसिंगइतकाच आवश्यक.

परतल्यावर सगळं गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, अधूनमधून बटणं दाबली. खार वाळला की बटणं अडकतात.

डोंबिवली, मंगळवार, २१ नोव्हेंबर

फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. कुर्लीचा फोटो छापण्याजोगा आहे. किल्ल्याच्या खडकांचं रुंद दृश्य टिपण्याचा प्रयत्नही केला होता. त्यात नुसता हिरवा धूर. तिथे मिररलेस असता तरी समोर तेच पाणी असतं.

माझा निष्कर्ष असा. कोकणात शिकायचं असेल तर जवळून काम करणारा कॉम्पॅक्ट, त्याचं हाउसिंग आणि लेन्सपासून दूर धरता येणारा एक चांगला दिवा, एवढं पुरे. फक्त चित्रीकरण करायचं असेल तर अ‍ॅक्शन कॅमेरा घ्यावा. मिररलेसचा विचार निदान दोन मोसम पाण्यात घालवल्यावर, हाउसिंगचा खर्च आधी धरून करावा. आणि ज्याला अजून एका जागी स्थिर तरंगता येत नाही, त्याने या वर्षी कॅमेऱ्याचे पैसे डाइव्हवर खर्च करावेत.