साधी सर्दी आणि एक विजेतेपद

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात इंग्लंडमधील नव्वद वर्षांपूर्वीच्या फुटबॉलचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. खेळांचा इतिहास वाचण्याचा मला जुना छंद आहे. मात्र १९३३-३४ च्या हंगामात लंडनच्या आर्सेनल क्लबने मिळवलेले विजेतेपद मला अनेकदा आठवते ते दवाखान्यात. समोर रुग्णाऐवजी रुग्णाची सेवा करणारी व्यक्तीच खोकत बसलेली असते, तेव्हा हटकून आठवते.

हर्बर्ट चॅपमन हे या क्लबचे व्यवस्थापक. त्यापूर्वी हडर्सफील्ड टाउन या संघाला त्यांनी १९२४ आणि १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. १९२५ मध्ये ते आर्सेनलमध्ये आले आणि सहा वर्षांनी, १९३१ मध्ये, तो क्लब प्रथमच लीगविजेता ठरला. १९३३ मध्ये त्याने पुन्हा ते यश मिळवले. चॅपमन यांची खरी किमया होती ती कामाच्या वाटणीत. मैदानावर प्रत्येकाची जागा आणि जबाबदारी नेमून दिलेली असे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे ज्यांचा खेळ थांबला होता, त्या टॉम व्हिटेकर यांच्याकडे खेळाडूंच्या शरीराची निगा सोपवलेली होती. घडी अशी बसवलेली की एक माणूस नसला तरी गाडा अडू नये.

१९३४ च्या पहिल्या आठवड्यात हे गृहस्थ सतत फिरत होते. १ जानेवारीला बरी येथे एक सामना पाहिला, दुसऱ्या दिवशी शेफील्डला गेले. लंडनला परतले ते जोराची सर्दी घेऊनच. क्लबच्या डॉक्टरांनी घरी थांबण्याचा सल्ला दिला. तो न मानता ३ जानेवारीला ते गिल्डफर्ड येथे, ऐन थंडीत, आपल्या तिसऱ्या फळीच्या संघाचा सामना पाहण्यास गेले. सर्दीचे पर्यवसान न्यूमोनियात झाले. ६ जानेवारीच्या पहाटे हेंडन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५ वर्षे.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लंडनमध्येच १९२८ मध्ये लावला होता, पण रुग्णांना ते मिळू लागण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. १९३४ मध्ये न्यूमोनियावरचा उपचार म्हणजे मुख्यतः शुश्रूषा, विश्रांती आणि प्रतीक्षा. घरी थांबले असते तर चॅपमन वाचलेच असते, असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या काळी हाताशी असलेल्या मोजक्या उपायांपैकी विश्रांती हा एक होता, आणि तोच त्यांनी नाकारला.

आता पुढची हकीकत ऐका. त्याच दिवशी दुपारी आर्सेनलचा सामना ठरलेला होता. तो झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला. मग काही पराभव पदरी आले. संघ गोंधळला, पण कोसळला नाही. क्लबमधीलच जो शॉ यांनी सूत्रे हाती घेतली. हंगाम संपला तेव्हा आर्सेनल ५९ गुणांसह पहिल्या स्थानी होता. ५६ गुण मिळवून दुसरा आलेला संघ कोणता? चॅपमन यांचाच जुना हडर्सफील्ड! पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, आर्सेनलने सलग तिसरे विजेतेपदही मिळवले.

ज्या संघासाठी त्यांनी अंथरूण सोडले, तो संघ त्यांच्याविना सबंध अर्धा हंगाम सांभाळण्याइतका समर्थ होता. एका दुपारची त्यांची अनुपस्थिती त्याने सहज सोसली असती.

आपल्यापैकी अनेकजण घरात अंथरुणाला खिळलेल्या पतीची, पत्नीची वा वृद्ध मातापित्यांची सेवा करीत आहात. ‘मी आडवी झाले तर यांचे कोण करील?’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. त्यातील माया मला कळते. म्हणूनच सांगतो, या प्रश्नाचे उत्तर प्रकृती ठीक असतानाच तयार ठेवावे. औषधांच्या वेळा, पथ्य, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक हे सारे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. मुलगा, सून, भाचा, शेजारी यांपैकी दोघांना तरी कूस बदलणे, भरवणे ही कामे शिकवून ठेवावीत. सेवा वाटून दिल्याने माया उणावत नाही. शिवाय आपली सर्दी त्या दुर्बल रुग्णाला लागू नये, यासाठीही दूर राहणे हीच त्याची सेवा असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उतारवयात न्यूमोनिया नेहमीच मोठा ताप घेऊन येत नाही. अचानक आलेला गोंधळलेपणा, अन्नावरची वासना उडणे, तोल जाऊन पडणे, अशा रूपांतही तो प्रकटतो. स्वस्थ बसले असतानाही श्वास जलद चालत असेल, छातीत दुखत असेल किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण नेहमीपेक्षा घसरून ९४ च्या खाली दिसत असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकॉकल लस यांविषयी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे. स्वतःसाठी आणि ज्यांची सेवा करता त्यांच्यासाठीही.

चॅपमन यांच्या काळी नव्हती ती औषधे आज आपल्याजवळ आहेत. परंतु ती वेळेवर मिळण्यासाठी आधी माणसाने ‘मला बरे नाही’ असे म्हणावे लागते. तेवढे म्हणण्यास, वाचकहो, आपण संकोच करू नये.