गुरुजी ओट्यावर बसायचे तेव्हा

माझ्या पिढीतल्या माणसांना जन्मतारीख विचारून बघा. कितीतरी जण १ जून सांगतील. गावाकडं जन्माचा दाखला कुणाच्या घरी नसायचा. शाळेत नाव घालताना गुरुजी आईला विचारायचे, "पोरगी कधीची?" आई सांगायची, "नागपंचमीच्या आदल्या दिवसाची, थोरल्या जावेचं लगीन झालं त्या सालची." मग गुरुजी मुलीला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला टेकली की सहा वर्षं पुरी झाली असं धरायचं आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून रजिस्टरात १ जून मांडायचा. माझीही तारीख तीच. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, बरीच वर्षं पहिलीचाच वर्ग घेतला आणि ३१ मेला निवृत्त झाले, तेही या मानलेल्या तारखेच्या हिशेबानं.

मी पहिलीत गेले ते साल १९६८. कोयनेच्या भूकंपाला जेमतेम सहा महिने झाले होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेच्या भिंती ११ डिसेंबरच्या पहाटे पडल्या, त्या अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. पहिलीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा. बाहेर जांभळीच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा.

शाळेनं घराकडं काय मागितलं? पाटी, पेन्सिल, बसायला गोणपाटाचं बसकर आणि पाटी पुसायला ओलं फडकं. फडक्याच्या बाबतीत गुरुजी फार कडक. थुंकी लावून पाटी पुसायची नाही, विद्येला उष्टं लावायचं नाही, हा वर्गाचा पहिला नियम. दुसरा नियम नखांचा. शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांनी हात पुढं करायचे, गुरुजी रांगेतून फिरत नखं, दात, केस बघायचे. आजी शुक्रवारीच दिवस मावळायच्या आत माझी नखं ब्लेडनं काढून टाकायची, कारण दिवेलागणीनंतर नखं काढायची नाहीत हा घरचा नियम होता. शाळेचा आणि घरचा नियम असे एकमेकांत बसायचे. कागदावर काहीच नव्हतं. पुस्तक वरच्या वर्गातल्या पोराकडून निम्म्या किमतीत घ्यायचं. गृहपाठ म्हणजे दिवेलागणीला आजीपुढं बसून पाढे म्हणायचे. आजीला अक्षर येत नव्हतं, पण पावकी-निमकी तोंडपाठ होती आणि मी चुकले की तिला लगेच कळायचं.

वडिलांनी नाव घालताना गुरुजींना सांगितलं होतं, "पोर तुमच्या हवाली केलीय, चुकली तर दोन ठेवून द्या." त्या वेळी प्रत्येक बाप हेच सांगायचा. त्यात गुरुजींबद्दल आदर होता हे खरं. पण माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी गुरुजींनी छडी उचलली की थरथर कापायची. मार तिला नसायचा, दुसऱ्याला असायचा, तरीही. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही आणि नंतर कधीच आली नाही. जुन्या शाळेच्या आठवणी काढताना लोक छडीचं कौतुक करतात तेव्हा मला ती मुलगी आठवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. मी स्वतः शिक्षिका म्हणून सांगते, तो कायदा चाळीस वर्षं आधी यायला हवा होता.

मला त्या काळातली परत हवी आहे ती गोष्ट वेगळीच. मूल तीन दिवस शाळेत दिसलं नाही की गुरुजी घरी यायचे. संध्याकाळी, माणसं रानातून परतली की. पायातल्या वहाणा काढून ओट्यावर बसायचे. आई आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पाठवायची. आधी पावसाची चौकशी, म्हशीची चौकशी, मग हळूच, "पोरगी लावणीला ठेवलीय काय?" भाताच्या लावणीच्या दिवसांत लहान भावंड सांभाळायला थोरल्या पोरीच लागत. वडील खाली बघायचे. गुरुजी रागावायचे नाहीत. म्हणायचे, "बारकं संगं घेऊन येऊ दे तिला. देवळात झोळी बांधू." आणि खरंच बांधली. खांबाला बांधलेल्या त्या झोळीत माझा धाकटा भाऊ झोपायचा आणि मी एका हातानं झोळी हलवत दुसऱ्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवायची. शाळेनं घरची अडचण डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून तिनं आपला नियम थोडा वाकवला. पुढं नोकरीत असताना कुठलाही आदेश पाळताना माझ्या मनात ती झोळी असायची.

मूल शाळेत यावं म्हणून आपल्याकडं दोन वाटांनी प्रयत्न झाले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही शेतमजुराला हबकवणारी रक्कम होती. महाराजांची तळमळ दंडाच्या आकड्यातच दिसते. दुसरी वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी घरांतली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून दोघींनी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा गुरांच्या मागं माळावर जाईल, असा तो विचार. दंडाची गरज पडली त्या वेळी दंड हवाच होता. पण पहिलीच्या शिक्षिकेला मी आजही कुरणशाळेचीच गोष्ट आधी सांगेन.

माझ्या नोकरीच्या काळात घर आणि शाळा यांच्यामध्ये सरकारच्या योजना आल्या. १९९५ नंतर मुलाची हजेरी ८० टक्के भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागले. वर्गात तराजू आला. आया पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि तेवढ्या निमित्तानं का होईना, मला प्रत्येक मुलाची आई भेटायची. नंतर शाळेतच खिचडी शिजू लागली. मुलांसाठी ते कितीतरी चांगलं झालं. आयांची रांग मात्र बंद झाली आणि त्यांच्याशी बोलायला मला वेगळा दिवस ठरवावा लागला.

आता माझी नात पुण्यात पहिलीला गेली. शाळा सुरू व्हायच्या आधी लेकीच्या हातात एक पुस्तिका आली. मी ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, कारण माझा जन्म याच कामात गेला. डब्याचं वेळापत्रक होतं: सोमवारी पोळीभाजी, बुधवारी कडधान्य, शुक्रवारी फळं, पाकिटातलं काही नको. वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची नाहीत. गैरहजेरीचा अर्ज डायरीत लिहायचा, ताप असेल तर मुलाला पाठवायचं नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये हेही छापलेलं होतं. राज्य सरकारनं २०१५ सालीच तसं बजावलंय. यातला एकही नियम मला वावगा वाटला नाही. डब्याचं वेळापत्रक तर फारच आवडलं. आमच्या वेळी कुणाच्या फडक्यात भाकरीबरोबर काय आहे यावरून कोण कुठल्या घरचं ते सगळ्या वर्गाला कळायचं. सगळ्यांच्या डब्यात मटकी असली की तेवढा एक भेद मिटतो.

मुलाला घ्यायला येणाऱ्यानं फोटो असलेलं कार्ड दाखवायचं, हा त्यातला सर्वांत कडक नियम. पहिल्या आठवड्यात मी कार्ड न घेता गेले, तर दारावरच्या मावशींनी मला थांबवलं. नात समोर उभी, "आजी, आजी" करतेय, आणि मावशी हात जोडून म्हणतायत, "आजी, माफ करा, पण कार्डाशिवाय नाही सोडता येत." लेकीला फोन लागेपर्यंत मी फाटकाबाहेर उभी राहिले. मला त्याचा राग आला नाही. आमच्या गावात कुणाचं मूल कुणाच्या बोटाला आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. शहरात तसं ठाऊक नसतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत काय काय घडतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या मावशी आपलं काम चोख करत होत्या.

जीव अडतो तो दुसरीकडं. पालकांचा एक ग्रुप आहे फोनवर. त्यात रात्री नऊ वाजता निरोप येतो: उद्या अमुक रंगाचा कागद, थर्माकोल, वाहतुकीच्या साधनांचा प्रोजेक्ट. निरोप इंग्रजीत. लेक कामावरून दमून आलेली असते, तरी ती वाचते, धावपळ करते, तिचं निभतं. पण त्याच वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेली मुलं आहेत. त्यांतल्या एकीची आई आमच्याच सोसायटीत दोन घरी पोळ्या करते. एका सकाळी ती फोन घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आजी, यात काय आणायचं लिहिलंय हो?" तोवर शाळेची बस यायची वेळ झाली होती. तिची लेक त्या दिवशी मोकळ्या हातानं शाळेत गेली. शाळेनं प्रवेश दिला, फी मागितली नाही, कायद्याचं सगळं पाळलं. पण त्या वर्गाच्या बाईंना त्या मुलीच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी नाही हे माहीत नव्हतं, कारण त्या घरी कुणी गेलंच नव्हतं.

आणि सहा वर्षांच्या मुलानं करायचा प्रोजेक्ट आईनं रात्री जागून करावा, हे मला पटत नाही. त्यातून मूल काही शिकत नाही. पहिलीच्या मुलाला घरी एवढंच द्यावं: रोज थोडं वाचून दाखवणारं माणूस आणि मोजायला चिंचोके.

नव्या काळात मला मनापासून सुखावणाऱ्या गोष्टीही आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा सांगतो. माझ्या आईनं देवळाची पायरी चढून वर्गात कधी पाहिलं नाही, ती बाहेरूनच मला हाक मारायची. माझ्या दाखल्यावर तिचं नावही नाही. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं येतं. ही बाळं २०३० साली पहिलीत येतील तेव्हा हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावापुढं आई असेल. मला ते बघायचंय.

निवृत्तीनंतर, २०२२ साली, माझ्या जुन्या शाळेत 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानाचा मेळावा झाला, त्याला मी मुद्दाम गेले. पहिलीत येऊ घातलेली मुलं एकेका टेबलापाशी जात होती: कुठं उडी मारायची, कुठं चित्राबद्दल बोलायचं, कुठं खडे मोजायचे. शेवटच्या टेबलाशी आयांना कार्डं देऊन घरी काय खेळ घ्यायचे ते सांगत होते. एक आई कार्ड उलटसुलट करून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. शेजारणीनं चित्रावर बोट ठेवून सांगितलं, "ह्ये बघ, वाटाणं आन् शेंगदाणं येगळं करायचं." दोघी हसल्या. पुढचे दोन महिने त्या बायका आठवड्याला कुणाच्या तरी ओट्यावर जमत होत्या, असं तिथल्या शिक्षिकेनं मला नंतर सांगितलं. ती स्वतःही त्या ओट्यावर जाऊन बसायची.

असं घरोघरी जायला शिक्षकांकडं वेळ नाही, हे उत्तर मला माहीत आहे. ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, हे मी स्वतः केलंय. पण प्राथमिक वर्गात तीस मुलांमागं एक शिक्षक असावा असं कायद्यात आहे. तीस मुलं म्हणजे तीस घरं. जूनपासून दिवाळीपर्यंत आठवड्याला दोन घरं केली तरी सगळी होतात. अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की पहिलीच्या शिक्षकाला त्या चार-पाच महिन्यांत दुसऱ्या कामाला लावू नका. शहरातल्या शाळांनी हे काम आपल्या बाईंच्या वेळापत्रकात धरावं. आणि पालकांनो, तुमच्या मुलाच्या बाई घरी आल्या तर घर नीटनेटकं नाही म्हणून संकोच करू नका. त्यांना चहा द्या, मूल कुठं झोपतं, कुठं बसून अभ्यास करतं ते दाखवा आणि तुमची अडचण मोकळेपणानं सांगा.