विशेषणे वजा जाता

३ मे २०२५ रोजी नवा रायपूर येथे रॅकबँक कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते झाले. त्याआधी तीन आठवडे, ११ एप्रिलला, तेथेच पॉलिमॅटेक कंपनीच्या गॅलियम नायट्राइड सेमीकंडक्टर कारखान्याची पायाभरणी झाली होती. पोलाद, सिमेंट आणि भात यांवर जगणाऱ्या या प्रदेशाला ही दोन्ही कामे नवी आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे डोळे लावून बसलेल्या घरांत आता मुलीने काय शिकावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ज्या कागदावर प्रथम मिळायला हवे, तो कागद म्हणजे उद्योगाचे प्रसिद्धिपत्रक.

आणि तेथे बहुधा भेटतात 'अत्याधुनिक', 'जागतिक दर्जाचे', 'क्रांतिकारी', 'गेमचेंजर'. हे शब्द खोटे असतात असे नव्हे. ते रिकामे असतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणित मांडले, त्याचा गाभा असा की, जे येणार हे आधीच ठाऊक असते, त्यातून माहिती मिळत नाही. कोणतीही कंपनी आपला प्रकल्प 'जुनाट' किंवा 'गावठी दर्जाचा' म्हणून जाहीर करणार नाही. ज्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणी कधीच वापरणार नाही, तो शब्द खोडला तरी मजकुराचे काहीच बिघडत नाही. 'देशातील पहिले' याला मात्र अर्थ आहे, कारण ते तपासता येते. फक्त कशात पहिले, हे सांगावे लागते.

रायपूरच्या डेटा सेंटरविषयी जाहीर झालेला सर्वांत बोलका तपशील क्षमतेचा होता : आरंभी ५ मेगावॅट, पुढे १५० मेगावॅटपर्यंत वाढ. ५ मेगावॅटचा भार वर्षभर अखंड चालला, तर ४ कोटी ३८ लाख युनिट वीज लागते. घरटी महिना १०० युनिट वापर धरला, तर ती साडेछत्तीस हजार घरांची वर्षाची वीज झाली. १५० मेगावॅट म्हणजे त्याच्या तीसपट, आणि यंत्रे थंड ठेवण्याची वीज वेगळी. कोरब्याच्या कोळशावर वीज करणाऱ्या राज्यात नागरिकाने विचारावेत असे प्रश्न या एका आकड्यातून निघतात. 'भविष्यवेधी' या शब्दातून एकही निघत नाही.

गॅलियम नायट्राइडचेही तेच. ते 'नवयुगाचे द्रव्य' नाही. निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले, त्या आकासाकी, आमानो व नाकामुरा यांचे काम याच द्रव्यावर होते. सिलिकॉनचा बँड गॅप सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, याचा ३.४. म्हणून ते अधिक व्होल्टता आणि उष्णता सोसते, झपाट्याने चालू-बंद होते. हल्लीचे मोबाइल चार्जर आकाराने लहान झाले ते यामुळेही. एवढे सांगायला तीन वाक्ये पुरतात, आणि दहावीच्या विद्यार्थ्यालाही ती कळतात. '६जी'चा उल्लेख करताना मात्र काळ सांभाळावा : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्याची चौकट २०२३ मध्ये संमत केली, पण अंतिम मानके अजून ठरायची आहेत.

रायपूरला आणखी एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रजी पत्रकातले 'वर्ल्ड क्लास' स्थानिक हिंदी वृत्तपत्रांत 'विश्वस्तरीय' होते आणि चौबे कॉलनीतल्या मराठी घरात बोलताना 'जागतिक दर्जाचे'. तीन भाषांतून प्रवास करूनही शब्द काहीच घेऊन येत नाही. मेगावॅट मात्र तिन्हींत मेगावॅटच राहतो.

तेव्हा पत्रक लिहिणाऱ्याने पाठवण्यापूर्वी विशेषणे खोडून पाहावीत. गुंतवणूक किती, पैकी मंजूर किती, पहिले उत्पादन कोणत्या महिन्यात, कोणत्या शिक्षणाची किती माणसे लागणार, पाणी कोठून येणार, हे उरले तर उत्तम. भूमिपूजनाची तारीख आणि पाहुण्यांची नावे एवढेच उरले, तर बातमी तेवढीच आहे, आणि तेवढीच पाठवावी. दोन ओळींच्या बातमीला वृत्तपत्रात जागाही लवकर मिळते.